कपातीची मर्यादा 100 वरून 300: मला हे मान्य नाही

चाकणचा टेम्पररी
21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांत गेले. माझा आक्षेप एकाच कलमावर आहे. आधी 100 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात करायला, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. आता ती 300 पासून पुढे. इकडे दीडशे-दोनशे माणसांचे कितीतरी कारखाने आहेत, त्यांच्या डोक्यावरचं छत्र गेलं. परवानगी मागताना मालकाला निदान कारण मांडावं लागायचं, कामगारांचंही ऐकलं जायचं.

भोसरी प्रेसशॉप
मी मालक आहे, दुसरी बाजू सांगतो. माझ्या मस्टरवर, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर, 92 माणसं होती आणि मी मुद्दाम तिथेच थांबलो. ऑर्डर वाढली तशी पुढची पोरं कंत्राटदाराकडून घेतली. 2019 च्या मंदीत माझे पत्रा दाबायचे दोन प्रेस कित्येक महिने झाकून ठेवलेले होते. 100 च्या वर असतो तर परवानगीची वाट बघत पगार कुठून दिला असता? ज्या अटीनं तुमचं रक्षण व्हायचं, तिच्याच भीतीनं तुम्हाला मस्टरवर घेतलं नाही. आणि भरपाई काही रद्द झालेली नाही. नोटीस, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, शिवाय नवं काम शिकायला आणखी 15 दिवसांचा.

चाकणचा टेम्पररी
साहेब, दर वर्षामागे म्हणता, पण वर्ष भरू देतं कोण? सातवा महिना संपत आला की सुपरवायझर म्हणतो, गेटपास जमा कर. 240 दिवस भरले तर हक्क लागू होतात, म्हणून ब्रेक. सेफ्टी शूजसुद्धा काढून ठेवायचे आणि दुसऱ्या गेटवर रांगेत उभं राहायचं. माझी अकरा वर्षं अशीच गेली. फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला, एका वर्षात ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी रक्कम), हा बदल चांगला आहे, मी मोकळेपणानं म्हणतो. पण सात महिन्यांवाल्याला त्यातलं काय मिळणार?

पगारपत्रकवाली
बेसिकचं, म्हणजे मूळ पगाराचंही बोला. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम आता वेतनात धरायची. बेसिक कमी दाखवून ग्रॅच्युइटी वाचवणं अवघड झालं. हे कामगाराच्याच बाजूचं आहे.

भोसरी प्रेसशॉप
ब्रेक मीही दिलेत, नाकारत नाही. पण माणूस सोडला की दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करायचा, आणि मोठी कंपनी माझं बिल नव्वद दिवसांनी काढते. लघुउद्योगांच्या कायद्यात बिलासाठी जास्तीत जास्त 45 दिवस लिहिलेत. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते.

चाकणचा टेम्पररी
तुमची अडचण कळते. एवढंच सांगा, मर्यादा 300 झाल्यापासून कंत्राटदाराकडची किती पोरं मस्टरवर घेतलीत?

भोसरी प्रेसशॉप
अकरा. सगळी फिक्स्ड टर्म, एका वर्षाची. पुढे ठेवीन की नाही ते ऑर्डरवर आहे, खोटा शब्द देत नाही.