सिडेशन: भूल, गुंगी की शामक?

अतिदक्षता विभागाच्या संमतिपत्रकाचा मराठी मसुदा तपासतो आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या सिडेशनबद्दल, म्हणजे त्याला औषधाने शांत, झोपाळू ठेवण्याबद्दल, त्यात ‘भूल दिल्यावर रक्तदाब कमी होऊ शकतो’ असं वाक्य आहे. इथे ‘भूल’ चालेल का?

—

नको. भूल म्हटलं की ऑपरेशन डोळ्यांपुढे येतं. व्हेंटिलेटरवर हल्ली बहुतेकांना तितकं खोल नेत नाहीत. गुंगी किती खोल हे मोजणाऱ्या ‘रास’ (RASS) मापनपट्टीवर ० ते −२ ठेवतात, म्हणजे हाक मारली की निदान क्षणभर डोळे उघडून बघेल इतपत. ही गुंगीच. मात्र ‘गुंगीचं औषध’ म्हणताच प्रवाशाला लुटल्याची बातमी आठवते. म्हणून अवस्थेला ‘गुंगी’ आणि औषधाला ‘शामक’ म्हणावं.

—

‘शामक’ योग्यच, कारण रक्तदाब का पडतो तेही त्या शब्दात आहे. शॉकमधला, म्हणजे अवयवांना रक्त अपुरं पडत असलेला रुग्ण अनुकंपी चेतासंस्थेच्या (संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या) जोरावर तगलेला असतो: रक्तवाहिन्या आवळलेल्या, नाडी धावती. तगमग शमते तसा हा जोरही शमतो. प्रोपोफॉल हे शामक तर वाहिन्या थेट सैल करतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, त्याचं आकुंचनही क्षीण होतं. निरोगी प्रौढाला झोपवायला किलोमागे १.५ ते २.५ मिग्रॅ लागतं. शॉकमध्ये तेवढं एकदम दिलं तर दाब कोसळतो. तिथे निम्मं किंवा त्याहून कमी, थोडं थोडं द्यावं. रक्त हळू फिरत असल्याने औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं. ‘अजून झोपला नाही’ म्हणून घाईने पुढचा डोस गेला की फसगत होते. दाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन आधीच पंपावर लावून ठेवावं. केटामाइन हे दुसरं औषध सहसा दाब टिकवतं, पण शरीराचा हा जोर संपलेला असेल तर तेही दाब पाडू शकतं.

—

‘कमी होऊ शकतो’ एवढंच पुरेसं नाही. डेक्समेडेटोमिडीन या शामकाचा पहिला डोस भरभर दिला तर दाब आधी चढतो, मग उतरतो, नाडीही मंदावते.

—

‘सरासरी रक्तदाब ६५च्या वर ठेवला जाईल’ असंही पुढे आहे.

—

‘सरासरी’ काढा. ९०/५०ची सरासरी कोणीही ७० सांगेल. प्रत्यक्षात खालचा दाब दुप्पट धरून तिनाने भागतात: ९० अधिक १००, भागिले ३, म्हणजे ६३. ‘माध्य धमनीदाब’ हा नेमका शब्द, पण नातेवाइकांच्या पत्रकात तो आकडाच नको. शिवाय दाब म्हणजे रक्ताभिसरण नव्हे. औषधाने वाहिन्या आवळून ६५ दिसेल. तरी लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलीहून कमी असेल, दाबलेल्या बोटाची लाली परतायला ३ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर अवयवांना रक्त पुरत नसावं अशीच शंका घ्यावी.

—

मग असं लिहितो: ‘शामक औषधाने गुंगी आणताना रक्तदाब एकदम बदलू शकतो, नाडी मंदावू शकते. दोन्ही सावरण्याची औषधं तयार ठेवलेली असतात.’