मदत हवी आहे: हे पिंपल्सच आहेत की दुसरं काही?

माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे. आम्ही भांडुपला राहतो. क्लासला रोज लोकलने दादरला जातो, घरी येतो तेव्हा शर्ट पिळून काढावा असा घाम.

नाकावर ब्लॅकहेड्स आहेत, गालांवर चार-पाच लाल, पू धरलेल्या पुळ्या. ते वयाचं आहे, मी समजू शकते. हनुवटीखाली मात्र एक कडक गाठ आहे, तोंड नसलेली, हात लावला तरी ओरडतो. अशा खोल गाठींचे खड्डे राहतात म्हणे, म्हणून फोडू देत नाही.

खरा घोळ कपाळाचा आणि पाठीचा आहे. तिथे सगळे दाणे एकसारखे बारीक, आणि खाज सुटते. पिंपल्सना एवढी खाज येते का? घामाने वाढणारा, केसांच्या मुळांशी होणारा यीस्टचा त्रासही असाच दिसतो आणि त्याला पिंपल्सची औषधं लागू पडत नाहीत, असं वाचलंय. तुमच्यापैकी कोणाला असं निघालं होतं का? डॉक्टरांनी कसं ओळखलं?

आणखी एक. केमिस्टने दिलेली ट्यूब तो तीन आठवडे लावत होता. आठवडाभर चेहरा छान, मग दुप्पट पुळ्या. काल नीट वाचलं तर त्यात स्टेरॉइड! (चष्मा आधी लावायला हवा होता.) ती एकदम बंद करायची की हळूहळू?

स्किनच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. तोपर्यंत साध्या फेसवॉशशिवाय काहीच लावू नये ना? कृपया हळद-बेसन सुचवू नका, आजीचं करून झालंय.