'प्रकार', 'ठसाभेद' आणि 'अवस्था' : जुन्या अमेरिकन सेंटांसाठी मराठी शब्द

प्रश्न

अमेरिकेतल्या १७९३ ते १८१४ या काळातल्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर मराठीत लेख लिहितो आहे. 'डाय व्हरायटी'ला, म्हणजे एकाच नक्षीची नाणी पाडणाऱ्या वेगवेगळ्या डायांतल्या फरकाला, काय म्हणावे? मी 'प्रकार' लिहीत होतो, पण 'टाइप'लाही प्रकारच लिहिले आहे आणि 'डाय स्टेट'पाशी आल्यावर पुन्हा तोच शब्द पुढे आला. एका मित्राने 'साचाभेद' सुचवला आहे.

उत्तर

'साचा' नको. साच्यात धातू ओततात, आणि हे सेंट ओतीव नाहीत. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत तांब्याची कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये ठेवून स्क्रू प्रेसने दाबत. म्हणून हत्यार तो 'ठसा', आणि नाण्यावर उमटते ती 'छाप'. मराठीत ठसा हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, पण अशा लेखात तो हत्यारापुरताच राखून ठेवावा. नाहीतर 'ठसा झिजला आहे' या वाक्यात पोलाद झिजले की तांबे, हे वाचकाला कळणार नाही.

'प्रकार' हा शब्द नक्षीच्या मोठ्या बदलासाठी ठेवा : साखळीचा सेंट, माळेचा सेंट, स्वातंत्र्याच्या टोपीचा सेंट. 'डाय व्हरायटी'ला 'ठसाभेद' म्हणा. एका प्रकारात ते अनेक असतात. कारण असे की चेहरा एका पंचाने (आकार ठोकायच्या पोलादी हत्याराने) ठशात उतरवला, तरी अक्षरे, सालाचे आकडे, माळेची पाने आणि फळे सुटी ठोकली जात. कारागिराचा हात केसभर सरकला की नवा ठसा जुन्यापेक्षा वेगळा झाला. १७९४ सालच्या सेंटांचे पन्नासहून अधिक ठसाभेद आहेत. फिलाडेल्फियाचे डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी १८६९ मध्ये त्यांची यादी छापली आणि त्यांना नावे दिली : 'व्हीनस मरीना', 'पॅटागोनियन', 'दुहेरी हनुवटी'. माणसांचे चेहरे ओळखावेत तसे त्यांनी ते ठसे ओळखले, आणि दीडशे वर्षांनंतरही संग्राहक ती नावे वापरतात. लेखात ती नावे जरूर घ्या. त्याच सालच्या एका सेंटाच्या मागच्या बाजूला कडेच्या दातऱ्यांमध्ये ९४ बारीक तारे आहेत. या सेंटांची क्रमवार यादी करणाऱ्या विल्यम शेल्डन यांच्या क्रमांकांत तो सेंट 'एस-४८'.

दुसरे उत्तर

वरच्याशी सहमत, पण शेल्डन क्रमांकाबद्दल एक भर घालायलाच हवी. तो क्रमांक एका ठशाचा नसतो, पुढच्या आणि मागच्या ठशांच्या 'जोडी'चा असतो. १७९३ च्या साखळीच्या सेंटांत 'एस-१'च्या मागे 'अमेरिका' हा शब्द अपुरा, 'अमेरि.' एवढाच आहे. 'एस-२', 'एस-३' आणि 'एस-४' या तिघांना मात्र मागचा ठसा एकच. फरक सगळा पुढे : 'एस-३'वर 'लिबर्टी'तला 'आर' कललेला, 'एस-४'वर 'लिबर्टी'नंतर आणि सालानंतर टिंब. लेखात 'एस-३ हा ठसा' असे लिहिले तर चूक होईल, 'एस-३ ही जोडी' असे लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

मग 'डाय स्टेट'?

उत्तर

'ठशाची अवस्था'. ठसाभेद म्हणजे ठसा तयार करताना त्यात जे ठोकले गेले ते. अवस्था म्हणजे त्यानंतर ठशाला जे झाले ते : तडा गेला, तुकडा उडाला, मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळले. इथे एक गोष्ट नवशिक्याला आवर्जून सांगा. ठशाला तडा गेला की त्या फटीत तांबे शिरते, म्हणून नाण्यावर ती रेघ उंच येते. नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा खोल असतो. ठसाभेद सांगताना ओरखड्याची दखलही घेऊ नये. तडा मात्र ठसा ओळखायला फार उपयोगी पडतो, पण 'तडा नाही म्हणजे तो ठसा नाही' असे कधीच म्हणता येत नाही. नाणे तडा जाण्यापूर्वी पाडलेले असू शकते.

१७९६ चा 'लिहर्टी' सेंट घ्या. 'बी' आधी उलटा ठोकला गेला आणि मग त्यावरच सरळ ठोकला, म्हणून तो 'एच'सारखा दिसतो. ही दुरुस्ती ठशातच आहे, म्हणून तो ठसाभेद. १८०१ च्या 'एस-२१९'वर तर मागच्या एकाच ठशात तीन चुका आहेत : अपूर्णांक १/१०० ऐवजी १/०००, 'युनायटेड'च्या 'यू'च्या जागी दोन 'आय', आणि माळेला दोनऐवजी एकच देठ.

तिसरे उत्तर

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सगळे 'डाय' आणि 'पंच' म्हणतात. 'ठसा' कशाला?

उत्तर

बोलताना 'डाय' खुशाल म्हणावे. पण लेखात 'ठसाभेद', 'ठशाची अवस्था', 'ठशांची जोडी' अशी शब्दांची कुळी लागते, आणि ती 'डाय'पासून तितकी सहज बनत नाही. शिवराई गोळा करणाऱ्या मंडळींनाही हेच शब्द उपयोगी पडतील. ती नाणीही हाताने केलेल्या ठशांनीच पाडली होती.

दुसरे उत्तर देणारे

आणखी एक भेद राहिला, तो कडेचा. १७९५ च्या अखेरीस सेंटाचे वजन २०८ ग्रेनवरून १६८ ग्रेनवर आणले. चकती पातळ झाली आणि कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, 'डॉलरला शंभर' या अर्थाची अक्षरे उमटवणे थांबले. 'एस-७६'च्या एकाच जोडीने दोन्ही तऱ्हांची नाणी पाडली गेली : अक्षरे असलेली 'ए' आणि साध्या कडेची 'बी'. 'ए' दुर्मीळ, 'बी' सहज मिळणारी, त्यामुळे किमतीत मोठा फरक. तरी हा ठसाभेद नव्हे, कारण ठसे तेच. याला सरळ 'कडेचा भेद' म्हणा. आणि छायाचित्रावरून ओळख सांगायची वेळ आली, तर आधी कडेचा फोटो मागा.

मूळ प्रश्नकर्ता

माझ्याकडच्या झिजलेल्या नाण्यावर साल पुसले आहे. ओळखायला काय पाहू?

उत्तर

मागची बाजू. माळेच्या डाव्या आणि उजव्या अंगाची फळे वेगवेगळी मोजा. वरच्या पानांची टोके कोणत्या अक्षराखाली येतात ते पाहा. अपूर्णांकाची आडवी रेघ आकड्यांच्या कितपत बाहेर जाते, तेही बघा. नाणे तिरप्या उजेडात धरा, झिजलेल्या अक्षरांच्या कडा तेव्हाच दिसतात. मागचा ठसा सापडला की तो पुढच्या कोणत्या ठशांबरोबर वापरला गेला ते शेल्डन यांच्या यादीत मिळेल, आणि त्यावरून सालही बरेचदा निघते.