नमुना हजारोंचा, तरी जागा का चुकतात?

काठावरचा: लोकसभा २०२४ ला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० जागांच्या पुढे नेलं होतं, प्रत्यक्षात २९३ आल्या. चूक ३ टक्क्यांच्या आत असते म्हणतात, मग हे कसं? जनमत चाचणी वाचताना तपासायचं काय?

शेकडेवारी: ते ±३ टक्के १००० जणांच्या नमुन्याला, तेही माणसं चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडली असतील तर, आणि एकाच पक्षाच्या मतांपुरते. दोन पक्षांतल्या अंतराला जवळपास दुप्पट धरा. त्यात माणसं बूथवार, गठ्ठ्याने घेतात. एका वस्तीचा कल बराचसा सारखा, म्हणून १००० ची किंमत ५००-६०० च उरते. देशभरात ५०,००० माणसं गाठली तरी ५४३ ने भागा: मतदारसंघामागे ९२!

बूथवाला: गोम निवडीत आहे. यादीत १२०० नावं, हवीत २०. मग १ ते ६० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा. १७ आला तर १७, ७७, १३७ असं पुढे. घर बंद दिसलं तर पुन्हा जायचं. शेजाऱ्याला धरून फॉर्म भरला की खेळ खलास, कारण मग फक्त घरी सापडणारे येतात. कामावर किंवा ऊसतोडीला गेलेले सुटतात. मत तोंडी विचारू नये, नमुना मतपत्रिका घडी करून डब्यात टाकायला द्यावी. बाजूला सासरे नाहीतर गावातलं कुणी वजनदार उभं असतंच. शेवटी भार: नमुन्यात बायका ३६ टक्के, यादीत ४८, तर प्रत्येकीचं उत्तर १.३३ पट मोजायचं. पण ज्या भेटल्याच नाहीत त्यांचं मत वेगळं असेल, तर हा भार चूक फुगवतो.

काठावरचा: आणि मतांवरून जागा कशा काढतात?

शेकडेवारी: तिथेच घोडं पेंड खातं. मागच्या निकालावर मतांतला बदल चढवतात. महाराष्ट्रात शिवसेना २०२२ ला फुटली, राष्ट्रवादी २०२३ ला. २०१९ ची मतं कुठल्या गटाच्या खात्यावर मांडणार? २०२४ ला महाविकास आघाडी आणि महायुती दोघांना साधारण ४४-४४ टक्के मतं पडली आणि जागा ३० विरुद्ध १७. वायव्य मुंबई तर ४८ मतांनी ठरली. ती कुठल्याच नमुन्यात दिसणार नाही.

बूथवाला: मुलाखतींच्या तारखा, माणसं गाठली कशी (घरी, फोनवर की नाक्यावर), किती जणांनी उत्तर नाकारलं, एवढं तरी छापलंय का ते बघा. मतांची टक्केवारी लपवून नुसत्या जागा देणारी चाचणी मी उघडतही नाही.