माहिती साक्षरतेचा ऑनलाइन कोर्स: मुलं नाव नोंदवतात, पुरा करत नाहीत

ग्रंथपाल, निपाणी
पदव्युत्तर पहिल्या वर्षासाठी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर) माहिती शोधायला, पारखायला शिकवणारा कोर्स केलाय. ग्रंथालयाची ओळख, कॅटलॉग, डेटाबेस, संदर्भलेखन, प्रत्येकी वीस मिनिटांचा व्हिडिओ. मुलं दुसऱ्या भागातच गळतात. बहुतेकांकडे फक्त मोबाईल. काही मराठी माध्यमातली, काही कन्नड. क्विझची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात. काय बदलावं?

संदर्भ विभाग, बेळगाव
सर, ओळखीचा भाग काढूनच टाका. कपाटं कुठं आहेत हे बघायला कोण लॉगिन करणार? विषयाच्या प्राध्यापकांनी दिलेला खराच निबंध घ्या आणि त्याच्या तारखेआधी तीन आठवडे कोर्स उघडा. व्हिडिओ चार मिनिटांच्या आत, एकात एकच काम, लगेच खाली सराव.

शोध शिकवायला आपल्याच शहराचं नाव घ्या की. 1 नोव्हेंबर 2014 ला इंग्रजीतलं बेलगाम बदलून बेळगावी झालं, त्यामुळे जुने लेख एका स्पेलिंगवर, नवे दुसऱ्यावर. आधी एकच स्पेलिंग टाकून निकालांचा आकडा लिहायला लावा. मग दोन्हींच्या मधे इंग्रजी 'OR' (किंवा), तेही कॅपिटल अक्षरांत. तिसऱ्यांदा देवनागरीत. शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) मराठी-कन्नड प्रबंधही आहेत, पण पीडीएफ नुसती स्कॅन केलेली असेल तर आतला मजकूर शोधात येत नाही; तिथं शीर्षक, मार्गदर्शक, विद्यापीठ यांवरून जायचं.

मूडल ॲडमिन, बेळगाव
क्वेश्चन बँकेत प्रत्येक कौशल्याचे दहा तरी प्रश्न भरून रँडम लावा. तरीही फिरणारच, म्हणून क्विझला गुण थोडे आणि शोधनोंदीला जास्त. नोंदीत काय टाकलं, किती निकाल आले, पुढं काय बदललं नि का, शेवटी ठेवलेले तीन संदर्भ. प्रत्येकाचा विषय वेगळा द्या. नोंद जमा होईपर्यंत 'रिस्ट्रिक्ट ॲक्सेस' लावून पुढचा भाग बंद.

घोळ होतो तो लिंकांचा. कॉलेजच्या वायफायवर सगळ्या उघडतात, कारण प्रकाशकाच्या साइटला कॉलेजचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ओळखीचा असतो. तोच लेख खानापूरकडच्या गावात मोबाईल डेटावर पैसे मागतो. वायफाय बंद करून, इन्कॉग्निटोत तपासा. कॉलेज एन-लिस्टमध्ये (कॉलेजांना ई-जर्नलं, ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेत) असेल तर मुलांची लॉगिनं आधी तयार हवीत, धडा नंतर.

मराठी विभाग, खानापूर
यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मुलं मग तेवढा आकडा खाली आणायच्या मागे लागतात. आपल्याकडे खरी अडचण वेगळी: कन्नड पुस्तकातला परिच्छेद मराठीत उतरवला की सॉफ्टवेअरला बऱ्याचदा पत्ताच लागत नाही. मूळ लेखकाचं नाव नसेल तर ती उचलेगिरीच. एक कन्नड उतारा, त्याचा मराठी अनुवाद आणि खाली पूर्ण संदर्भ, असा एक सराव घालाच.

व्हिडिओ एकच ठेवा, सबटायटल दोन्ही भाषांत. बटणांची नावं मात्र पडद्यावर दिसतात तीच सांगा. 'प्रगत शोध' म्हटलं तर मूल शोधत बसतं, तिथं असतं 'ॲडव्हान्स्ड सर्च'.

ग्रंथपाल, निपाणी
पटलं. मग कॅटलॉग कुठं बसवू?

संदर्भ विभाग, बेळगाव
वेगळा भाग नकोच. तीन संदर्भांपैकी एक आपल्या कपाटातलं पुस्तक असलंच पाहिजे आणि नोंदीत त्याचा कॉल नंबर (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) हवा, एवढी अट घाला.