लॅपटॉपवर तानपुरा लावला की मधेच टर्रर्र आणि मागे घूंऽऽ, काय करू?

षड्ज_मिरज

मंडळी, जरा डोकं लावा, मला काही सुचेना झालंय. मी गाण्याचे ऑनलाइन क्लास घेते, मुलं पुण्याची, दोघी बहिणी दुबईत, एक काका नागपूरहून. लॅपटॉप तीन वर्षांचा, विंडोज ११, रॅम १६ जीबी, म्हणजे अगदीच डबडा नाही. त्यावर तानपुरा लावून ठेवते आणि आवाज बाहेरच्या छोट्या अँप्लिफायरवाल्या स्पीकरवर घेते, साधी हेडफोनच्या भोकात घालायची वायर. (मिरजेत राहून तानपुरा लॅपटॉपवर लावते म्हणून घरात आधीच बोलणी खाते, सतारमेकर गल्ली हाकेवर आहे, तेव्हा तो विषय इथे नको.)

तर होतं असं की तानपुरा छान चालू असतो आणि मधेच टर्रर्र, कापड फाटावं तसं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत परत सुरळीत. पाच मिनिटांत सहा-सात वेळा तरी. गाण्याचं रेकॉर्डिंग लावलं तरी होतं पण तिथे तबल्याबिबल्यात खपून जातं, तानपुऱ्यात लपायला जागाच नाही हो. शिवाय मागे सतत एक बारीक घूंऽऽ असतं. काल मी पंचमावर स्थिर उभी आणि दुबईची धाकटी विचारते, ताई खोलीत भुंगा आलाय का.

साउंडचा ड्रायव्हर (म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) दोनदा अपडेट केला, अँटिव्हायरस काढून बघितला, रीस्टार्ट तर रोजचंच. दुकानात नेला तर तो न उघडताच म्हणाला साउंडची चिप गेली, बोर्ड बदलावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की तेवढ्यात खरा तानपुरा येईल. खरंच चिप गेली असेल का?

खटपट्या

फॉरमॅट मारा सरळ. माझ्या पोरीच्या लॅपटॉपला असंच होत होतं.

नाईटशिफ्ट

फॉरमॅटचं राहू द्या, त्यात रविवार जातो आणि वर पासवर्ड शोधत बसावं लागतं.

ताई, तुम्ही एक दुखणं म्हणून लिहिलंय पण मला त्यात दोन दिसतायत. टर्र वेगळं आणि घूं वेगळं. दोन्ही एकत्र धराल तर वर्षभर सापडणार नाही. आधी एवढं करून बघा आणि इथे लिहा. एक, स्पीकरची वायर काढून साधा वायरवाला हेडफोन लावा, काय उरतं ते ऐका. दोन, चार्जर काढा. तीन, तानपुऱ्याची फाइल लॅपटॉपमधे उतरवून घ्या आणि वायफाय बंद करून लावा, म्हणजे नेटचा दोष आहे का ते कळेल. एका वेळी एकच बदल करायचा, सगळं एकदम नाही.

षड्ज_मिरज

केलं सगळं, वहीत लिहून केलं. हेडफोन लावला की घूं गायब पण टर्र आहेच. परत स्पीकर लावून चार्जर काढला तर घूं एकदम बंद, जसा काय कुणी पंखा बंद केला, टर्र मात्र तसंच. वायफाय बंद करून फाइल लावली तरी टर्र. आणि एक गंमत, चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्याच्या झाकणावर हात ठेवला की घूं कमी होतं, हात काढला की परत. बोटांना जरा झिणझिण्या पण येतात, मला वाटायचं आपलाच हात.

जुना_सोल्डर

तुमचा हात नाही ताई, तुमचं अर्थिंग. तीस वर्षं रेडिओ आणि अँप्लिफायर उघडलेत, झिणझिण्या हा शब्द दिसला की मी बाकीचं वाचतच नाही.

चार्जरच्या आत घरच्या लाइटची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामधे एक छोटा कपॅसिटर मुद्दाम घातलेला असतो, रेडिओची खरखर कमी व्हावी म्हणून. त्यातून अगदी नखभर करंट पाझरतो, तो मुकाट्याने अर्थमधे जावा अशी योजना असते. अर्थ नसेल तर लॅपटॉपचं बॉडी तरंगत राहतं, हात लावला की झिणझिण्या, आणि ऑडिओची वायर लावली की तोच करंट त्या वायरच्या जाळीतून तुमच्या अँप्लिफायरकडे निघतो. अँप्लिफायरला काय, त्याला दिलं ते तो मोठं करून वाजवणार. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्‌झची, म्हणून ते घूं ५० आणि त्याच्या पटीत १००, १५० असं ऐकू येतं. तुम्ही झाकणावर हात ठेवता तेव्हा तुम्हीच अर्थ होता.

चार्जरची पिन तीनची आहे ना? मग ती कशात घातलीय ते बघा. दहातल्या आठ घरात थ्री पिनचं टू पिन करणारं कनव्हर्टर नाहीतर शंभर रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड निघतो, ज्यात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. भिंतीतलं सॉकेट स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा. आणि कुणी सांगेल की अर्थची पिन कापून टाका, आवाज जातो. कधी कधी जातोही. पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

कोथरूडकर

मधेच घुसतोय, माझ्या ब्लूटूथ हेडफोनला गाणी मस्त ऐकू येतात पण मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा होतो, हा तोच प्रॉब्लेम का?

नाईटशिफ्ट

नाही दादा. माइक चालू झाला की ब्लूटूथ फोनवाल्या मोडमधे जातं, त्यात आवाज मोनो आणि दर्जा खालचा. लॅपटॉपचाच माइक निवडा, हेडफोन नुसता ऐकायला ठेवा, होईल. आणि बाकीचं दुसऱ्या धाग्यात विचारा, इथे ताईंचं चाललंय.

तर ताई, घूं सोल्डरकाकांकडे, टर्र माझ्याकडे. हेडफोनमधेही येतं, बॅटरीवरही येतं, नेट बंद असूनही येतं, म्हणजे वायर नाही, लाइट नाही, इंटरनेट नाही. चिप गेली असती तर आवाज बहुतेक आलाच नसता नाहीतर कायम खराब आला असता, असा वेळ बघून आला नसता.

पंगत डोळ्यापुढे आणा. साउंडची चिप म्हणजे पानावर बसलेला खादाड पाहुणा, प्रोसेसर वाढपी. विंडोज साधारण दर १० मिलिसेकंदाला एक वाढ करतं, सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने अशा सेटिंगला एका वाढीत ४८० नमुने. वाढपी वेळेवर आला तर पाहुण्याला कळतही नाही. पण दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने वाढप्याला दारातच अडवून गप्पा मारल्या, १२-१५ मिलिसेकंद गेले, तर इकडे पान रिकामं. आणि हा पाहुणा थांबत नाही, पानावर मागचं जे चिकटलेलं असेल तेच परत परत चाटतो. तोच बारका तुकडा सेकंदाला पन्नास-शंभरच्या वेगाने फिरला की कानाला ऐकू येतं टर्रर्र. म्हणून १६ जीबी रॅमचा इथे काही उपयोग नाही, वाढपी धट्टाकट्टा आहे, त्याला अडवणारा शोधायचाय.

लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. बाकी सगळं बंद करून तानपुरा लावा, त्यात हिरवं बटण दाबा आणि दहा मिनिटं चहा करायला जा. नंतर ड्रायव्हर्स नावाच्या टॅबवर जाऊन सगळ्यात जास्त वेळ घेणारा वर येईल असं लावा आणि नाव इथे सांगा. नेटवर्कचं एनडीआयएस निघालं तर वायफायचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचं निघालं तर तो. तोवर साउंडच्या सेटिंगमधे ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करून ठेवा, ते तसंही गाण्याच्या कामाचं नाही.

खटपट्या

एवढ्यात माझा फॉरमॅट झाला असता.

षड्ज_मिरज

पंगत वाचून हसू आलं, आमच्याकडे असे पाहुणे आहेत.

चहा करून आले. वर लाल अक्षरात लिहून आलंय की तुमच्या कॉम्प्युटरला ऑडिओ सांभाळायला जड जातंय. ड्रायव्हर्समधे सगळ्यात वर एसीपीआय डॉट सिस, १४ पूर्णांक काहीतरी मिलिसेकंद. बाकी सगळे अर्ध्याच्या आत. हे काय प्रकरण? वायफाय किंवा साउंडचं नाव पण नाही वरती.

नाईटशिफ्ट

सापडला! एसीपीआय म्हणजे विंडोज आणि बायोस (लॅपटॉपच्या बोर्डातच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) यांच्यातला मध्यस्थ, बॅटरी, तापमान, झाकण उघडं का बंद, असल्या चौकशा याच्याकडे. विंडोज अधूनमधून विचारतं बॅटरी किती उरली, उत्तर बायोसमधला कोड देतो, आणि काही लॅपटॉपमधे तो कोड इतका रमतगमत चालतो की वाढपी तिथेच अडकतो. साउंडचा ड्रायव्हर तुम्ही दहादा अपडेट केला असता तरी फरक पडला नसता.

खात्री करायला डिव्हाइस मॅनेजर उघडा, बॅटरीजमधे दोन नावं दिसतील, त्यातलं लांबलचक, ज्यात कंट्रोल मेथड बॅटरी असं आहे, त्यावर राइट क्लिक करून डिसेबल. चार्जिंग होत राहतं, पण खाली बॅटरीचा टक्का दिसणार नाही आणि संपत आली तरी वॉर्निंग येणार नाही, हे लक्षात ठेवा. टर्र गेलं तर कंपनीच्या साइटवरून तुमच्या अचूक मॉडेलचं नवीन बायोस टाका. ते टाकताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला पाहिजे, मधे बंद झालं तर मग खरंच बोर्ड बदलायची वेळ येते.

रात्रीचा_गेमर

लॅपटॉप एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाला असेल तर अजून एक बघा. प्रोसेसरमधल्या टीपीएममुळे, म्हणजे सुरक्षेची किल्ली सांभाळणाऱ्या भागामुळे, मधेच सगळं अडखळतं, आवाजासकट, हे एएमडीने मार्च २०२२ मधे स्वतः मान्य केलं आणि मे २०२२ पासून बायोसमधून दुरुस्ती द्यायला लागले. म्हणजे तिथेही उत्तर बायोसच.

जुना_सोल्डर

ताई अर्थिंगचं काय झालं ते सांगितलं नाही.

षड्ज_मिरज

सांगते, चार दिवस लागले कारण वायरमन आज येतो उद्या येतो करत होता.

आधी टर्र. बॅटरी डिसेबल केली आणि पूर्ण पाऊण तास तानपुरा लावून बसले, एकदाही नाही. माझा विश्वासच बसेना, यमनचा रियाज झाला तेवढ्यात. मग दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं, काकांचा क्लास चालू असताना लॅपटॉप गपकन बंद, टक्का दिसत नव्हता आणि मी चार्जर लावायचा विसरलेले. नाईटशिफ्ट, तुम्ही सांगितलं होतं, माझीच चूक. शेवटी भाच्याला बसवून बायोस अपडेट केलं, बॅटरी परत चालू केली. आता एसीपीआयचा आकडा एकच्या खाली आहे. कालच्या तासात एकदा टिक झालं, मी तरी ऐकलं, मुलांना कळलं नाही.

आता घूं. सोल्डरकाका, तुमच्या पाया पडायला पाहिजे. कनव्हर्टर नव्हतं, एक्स्टेन्शन पण चांगला जाडजूड, म्हणून मी म्हणत होते आमचं बरोबर आहे. वायरमनने भिंतीतलं सॉकेट उघडलं तर अर्थच्या भोकामागे वायरच नाही! हिरवी वायर पाइपातून आलेली, टोकाला टेप गुंडाळून मागे दाबून ठेवलेली, घर बांधलं तेव्हापासून. त्याने ती जोडली, खाली अर्थ नीट आहे का ते पण बघितलं. झिणझिण्या गेल्या, घूं गेलं. अगदी कान लावला तर स्पीकरची स्वतःची थोडी सूंऽ आहे, ती चालेल.

एक विचारायचं राहिलं, पुण्याची मुलं म्हणतात तानपुरा सुरुवातीला ऐकू येतो आणि मग हळूहळू बुडतो. हे काय आता?

नाईटशिफ्ट

हा दोष नाही, शहाणपणा आहे. मीटिंगच्या सॉफ्टवेअरला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी वाटतो, ते तो गाळून टाकतं. तानपुरा त्याच्या दृष्टीने पंखाच. झूम असेल तर ऑडिओमधे ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स चालू करा, दुसरं काही असेल तर नॉइज कॅन्सलेशन बंद करा.

षड्ज_मिरज

केलं चालू. तानपुरा आता सगळ्यांना पोचतोय. आणि धाकटी विचारतेय, ताई तुमचा पंखा आवाज करतो का. तो करतो, त्याला तेल घालायचं दिवाळीपासून राहिलंय.