ब्राउझरमधल्या मल्टिप्लेअर गेमसाठी सर्व्हरला काय घ्यावं?

प्रश्न:
मंडळी, चौघांनी खेळायचा, वरून दिसणारा रणगाड्यांचा गेम करतोय, थेट ब्राउझरमध्ये. जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं. चित्रासाठी फेझर ही गेमची लायब्ररी घ्यायचं जवळपास ठरलंय, पण सर्व्हरपाशी गाडं अडलंय. सॉकेट डॉट आयओ किंवा कोलिसियस या तयार लायब्ररी, की सरळ वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी)?

उत्तर १:
टूडीला फेझर बिनधास्त घ्या. सर्व्हरला नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) कोलिसियस. खोल्या, खेळाडूंची ये-जा, बदललं तेवढंच पाठवणं, हे त्यात तयार मिळतं. सॉकेट डॉट आयओ निरोप पोचवतं. गेमची स्थिती, म्हणजे कोण कुठे आहे वगैरे, तुम्हालाच सांभाळावी लागेल.

उत्तर २:
लायब्ररी नंतर. आधी हे पक्कं करा की खरं काय ते सर्व्हरच ठरवणार. ब्राउझरने "मी इथे आहे" असं सांगायचंच नाही, "डावी कळ दाबली" एवढंच कळवायचं. नाहीतर कुणीही ब्राउझरचा कन्सोल (कोड चालवायची खिडकी) उघडून रणगाडा भिंतीपलीकडे नेईल. सेकंदाला २० वेळा स्थिती पाठवलीत तर दोन निरोपांत ५० मिलिसेकंद जातात, आणि पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे मधल्या चित्रांना नवी स्थितीच नसते. म्हणून समोरच्यांचे रणगाडे किंचित जुन्या वेळेचे दाखवा, आलेल्या दोन स्थितींमधली जागा काढून. यावर मनापासून वेळ घाला, खेळण्यातली सगळी मजा इथेच आहे.

उत्तर ३:
वेबसॉकेट टीसीपीवर चालतं, म्हणजे सगळं क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीवर. माहितीचा एक तुकडा (पॅकेट) हरवला की मागची खोळंबतात. वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या दुसऱ्या जोडणीच्या डेटा चॅनेलने ते टाळता येतं, पण जोडणीची कटकट फार. चौघांना वेबसॉकेट पुरे.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. कोलिसियसच घेतो. ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट (प्रकार तपासणारं जावास्क्रिप्ट) ठेवतो, म्हणजे भिंतीला धडकायचा कोड एकदाच लिहून भागेल.